बारा मोठे की चौदा?

वाचकहो, बारा हा आकडा मोठा की चौदा, असा प्रश्न एखाद्या पोक्त गृहस्थाने तुम्हांस विचारला, तर तुम्ही क्षणभर त्याच्या तोंडाकडे पाहत राहाल. मीही पाहत राहिलो. गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. संध्याकाळची वेळ होती, बेळगावचा पाऊस आपल्या ठरलेल्या वेळी सुरू झाला होता, आणि उद्यमबागेतील एका कारखान्यात वीस वर्षे लेथवर घालविलेले एक सद्गृहस्थ छत्री झटकीत माझ्या ओसरीवर आले. बरोबर पीयूसीच्या दुसऱ्या वर्षात शिकणारी त्यांची कन्या होती. त्यांस माझा सल्ला नको होता. हवी होती केवळ एक चिठ्ठी, की हे गृहस्थ इतकी वर्षे याच पत्त्यावर राहतात व मी त्यांस ओळखतो.

हकीकत साधी होती. एका कारखानदाराने आपले जुने लेथ यंत्र विकावयास काढले होते. ते घ्यावे, घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसवावे, आणि उरलेले आयुष्य दुसऱ्याच्या घड्याळावर न काढता स्वतःचे सुटे काम घ्यावे, हे त्यांचे अनेक वर्षांचे स्वप्न. त्यासाठी तीन लाख रुपये कर्ज हवे होते. एक खाजगी वित्तसंस्था बारा टक्क्यांनी द्यावयास तयार होती. पैसे दोन दिवसांत, मुदत तीन वर्षे. दुसरीकडे बँक चौदा टक्के सांगत होती, आणि वर कागदपत्रांची मोठी यादी. गृहस्थांचा निर्णय झालेला होता. चिठ्ठी खिशात घालून ते उठले आणि जाता जाता हसत म्हणाले, “बारा मोठे की चौदा ओ फादर? बँकेतला साहेब म्हणतोय, आमचे चौदाच स्वस्त पडतील. आम्हाला अगदीच अडाणी समजतात की काय!”

मला बँकेतील त्या साहेबाची कीव आली. पाकिटाच्या पाठीमागे मी लगेच हिशेब मांडला. मुद्दल गुणिले दर गुणिले मुदत, भागिले शंभर. तीन लाखांवर बारा टक्क्यांनी तीन वर्षांचे व्याज १,०८,००० रुपये. चौदा टक्क्यांनी १,२६,००० रुपये. अठरा हजारांचा फरक. मी पाकीट त्यांच्यापुढे धरले व मोठ्या अधिकाराने सांगितले, “तुमचेच बरोबर आहे.”

माझ्या गुणाकारात कोठेही चूक नव्हती. निष्कर्ष मात्र साफ खोटा होता. आणि तो खोटा आहे हे दाखवून दिले त्या सतरा वर्षांच्या मुलीने, काच तडकलेल्या एका मोबाइलवर, दोन मिनिटांत.

तिने प्रथम विचारले, “फादर, महिन्याचा हप्ता किती सांगितलाय त्यांनी?” वित्तसंस्थेच्या माणसाने दिलेल्या छापील कागदावर बारा हा आकडा ठळक होता, त्याखाली बारीक अक्षरांत हप्ता होता ११,३३३ रुपये. तिने मोबाइलवर एक पान उघडले. त्या पानावर तीन रिकाम्या चौकटी होत्या आणि चौथी उत्तराची. पहिलीत कर्जाची रक्कम, दुसरीत वार्षिक व्याजदर, तिसरीत मुदत. बस्स. चित्र नाही, सजावट नाही, नाव-गाव विचारणे नाही. तिने तीन लाख, चौदा टक्के, छत्तीस महिने असे आकडे घातले. उत्तर आले १०,२५३.

आम्ही दोघे मोठी माणसे गप्प झालो. चौदा टक्क्यांचा हप्ता बारा टक्क्यांच्या हप्त्यापेक्षा सुमारे अकराशे रुपयांनी कमी! मला वाटले, यंत्र बिघडले असावे. मुलीलाही तसेच वाटले असावे, कारण तिने चौदाच्या जागी बारा घातले. उत्तर आले ९,९६४. म्हणजे दर खरोखरच बारा टक्के असता, तर वित्तसंस्थेने ९,९६४ रुपये मागावयास हवे होते. ती मागत होती ११,३३३. मग त्या मुलीने जे केले ते मला कधीच सुचले नसते. ती दराचा आकडा एकेक पायरी वर चढवू लागली. अठरा टक्के: १०,८४६. वीस टक्के: ११,१४९. एकवीस: ११,३०२. एकवीस पूर्णांक दोन दशांशाला तो ११,३३३ चा आकडा बरोबर येऊन थांबला. ठळक अक्षरांतील बाराच्या पोटात एकवीस लपले होते.

मी पाकीट उलटे करून ठेवले.

आता यातील मर्म सांगतो, कारण शाळेत चांगले गुण मिळविलेली माणसेच येथे अधिक फसतात. आपण लहानपणी जे सरळव्याज शिकलो, त्यातील गोविंदराव गणपतरावांकडून तीन वर्षांसाठी रक्कम घेत असत आणि तीन वर्षांच्या शेवटी मुद्दल व व्याज एकरकमी परत करीत असत. पूर्ण मुद्दल पूर्ण तीन वर्षे त्यांच्याजवळ असे. म्हणून पूर्ण मुद्दलावर व्याज देणे न्याय्य होते. परंतु हप्त्याच्या कर्जात तुम्ही पहिल्या महिन्यापासूनच मुद्दल परत करू लागता. मुद्दल सारख्या भागांनी परत होते असे धरले, तर आमच्या या गृहस्थांच्या हाती तीन वर्षांत सरासरीने तीन लाख नव्हे, तर दीड लाखाहून थोडेच अधिक राहणार होते. शेवटच्या महिन्यात तर त्यांच्याकडे एका हप्त्याइतकेच देणे उरणार. तरीही त्या महिन्याचे व्याज पूर्ण तीन लाखांवर धरलेले. व्यापारी भाषेत याला फ्लॅट रेट म्हणतात. बँकेचे चौदा टक्के होते ते दर महिन्यास उरलेल्या शिलकेवर. दोन्हींना ‘टक्के’ असेच म्हणतात. गज आणि मीटर यांना एकच नाव देऊन कापड विकावे, तसा हा प्रकार आहे.

फ्लॅट दराची खरी ताकद अशी की, तो आपल्या शाळेतील गणिताशी तंतोतंत जुळतो. कर्ज देणारा तुमच्याशी खोटा गुणाकार करीत नाही. तो तुम्हांसच गुणाकार करावयास लावतो, आणि तुमचे उत्तर त्याच्या उत्तराशी जुळले की तुमचा संशय मावळतो. माझा मावळला होता. ग्रामीण भागात ‘शेकडा दोन’ म्हणून जो दर सांगतात, त्यातही असाच एक शब्द गिळलेला असतो: ते दोन रुपये महिन्याचे असतात, म्हणजे वर्षाचे चोवीस. पण तेथे निदान गिळलेला शब्द सर्वांस ठाऊक असतो.

मग आपण घटत्या शिलकेचा हिशेब हाताने का करीत नाही? कारण तो सोपा नाही. महिन्याच्या व्याजदरात एक मिळवावयाचा, आणि जितके महिने असतील तितक्या वेळा ती संख्या तिच्याशीच गुणावयाची. मग पुढे वजाबाकी व भागाकार. तीन वर्षांसाठी छत्तीस वेळा. वीस वर्षांच्या गृहकर्जासाठी दोनशे चाळीस वेळा. आमच्या आजोबांच्या पिढीने पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी यांचे पाढे मुखोद्गत केले होते. आठवड्याच्या बाजारात त्यांस कोणी फसवू शकत नसे. तथापि या हिशेबापुढे दिडकी-अडीचकीही हात टेकतात. १६१४ साली जॉन नेपियरने लॉगॅरिथमची कोष्टके प्रसिद्ध केली, तेव्हा असे लांबलचक गुणाकार बेरजेवर आले. पण लॉगॅरिथमचे पुस्तक काखेत घेऊन कर्ज काढावयास कोण जातो?

याच संदर्भात एका जुन्या पुस्तकाचा उल्लेख करण्याचा मोह आवरत नाही. सिमॉन स्टेव्हिन हा ब्रुग्ज नगरात जन्मलेला गणिती. दशांश अपूर्णांकांच्या प्रसारासाठी त्याचे नाव प्रसिद्ध आहे. त्याने १५८२ साली आंटवर्प येथे व्याजाची कोष्टके छापून प्रसिद्ध केली. आज यात काही विशेष वाटणार नाही. परंतु त्या काळी अशी कोष्टके पेढीवाले हस्तलिखित स्वरूपात, धंद्याचे गुपित म्हणून, जपून ठेवीत. कर्ज देणाऱ्याजवळ कोष्टक असे, घेणाऱ्याजवळ नसे; सौदा मात्र दोघांमध्ये होई. स्टेव्हिनने ते कोष्टक बाजारात मांडले. आमच्या मुलीच्या मोबाइलवरील त्या तीन चौकटी या त्याच पुस्तकाच्या नातवंडे-पतवंडे होत. (अशा हिशेबांत आमच्यासारखी मठातली माणसेही मागे नव्हती, हे जाता जाता सांगतो. लुका पाचोली या फ्रान्सिस्कन संन्याशाने १४९४ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या आपल्या मोठ्या गणितग्रंथात बहात्तरचा नियम नोंदविला आहे: बहात्तरला व्याजदराने भागा, म्हणजे रक्कम चक्रवाढीने किती वर्षांत दुप्पट होईल ते कळते. नऊ टक्क्यांनी आठ वर्षांत. हा हिशेब मात्र झोपेतही करता येतो.)

आपल्या मराठी मुलखाला हा विषय नवा नाही. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला आणि तो पुणे व नगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. दंगल म्हटली की लूट डोळ्यांपुढे येते. पण या दंग्यांत लोकांचा मुख्य रोख होता तो सावकाराच्या घरातील कर्जरोख्यांवर व वह्यांवर. ते मिळवून जाळावयाचे, हा हेतू. जो कागद आपणास वाचता येत नाही, ज्यातील हिशेब आपणास तपासता येत नाही, आणि ज्याच्या आधारे आपली जमीन जाते, त्या कागदाशी अडाणी माणूस दुसरे काय करणार? चार वर्षांनी, १८७९ साली, दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला आणि रोख्यावर लिहिलेल्या आकड्यामागे जाऊन मूळ देवघेव तपासण्याचा अधिकार न्यायालयांस मिळाला. आकड्यामागे जाणे: मला हा शब्दप्रयोग फार आवडतो. न्यायाधीशाने जे त्या काळी वह्या चाळून करावे, ते आमच्या ओसरीवर एका पोरीने दराचा आकडा वर चढवीत केले.

येथवर मी दुसऱ्याची गोष्ट सांगितली. आता माझी सांगतो; आणि ती सांगणे तितके सुखाचे नाही.

माझा धाकटा भाऊ बडोद्यास नोकरीला आहे. पाच वर्षांपूर्वी त्याने घरासाठी वीस लाख कर्ज काढले. दर नऊ टक्के. पंधरा वर्षांची मुदत घेतली तर हप्ता २०,२८५ रुपये पडत होता, वीस वर्षांची घेतली तर १७,९९५. त्याने मला फोन करून विचारले, “दादा, काय करू?” घरात मी शिकलेला, तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान मिळून कितीतरी वर्षे सेमिनरीच्या बाकांवर बसलेला. मी एका क्षणाचाही विचार न करता सांगितले, “हप्ता कमी तो घे. महिन्याला दोन-सव्वादोन हजार हाताशी राहतील.” त्याने माझा शब्द मानला.

ते गृहस्थ व त्यांची मुलगी निघून गेल्यावर रात्री मी माझ्या खोलीत ती तीन चौकटींची पाटी उघडून बसलो आणि भावाचे आकडे घातले. दर तोच राहिला असे धरून पंधरा वर्षांत त्याने एकूण व्याज दिले असते १६ लाख ५१ हजार. वीस वर्षांत देणार २३ लाख १८ हजार. माझ्या एका फोनची किंमत सहा लाख सदुसष्ट हजार रुपये.

हे कसे होते, तेही त्या पानावर खाली महिन्यावार तक्त्यात दिसते. पहिल्या हप्त्याचे १७,९९५ रुपये घ्या. वीस लाखांवर एका महिन्याचे व्याज १५,०००. म्हणजे मुद्दलात जातात २,९९५. पुढच्या महिन्यात व्याज थोडे घटते, मुद्दलाचा वाटा थोडा वाढतो. पण ही वाढ मुंगीच्या पावलांची. पहिल्या पाच वर्षांत भावाने दहा लाख ऐंशी हजारांच्या आसपास भरले; त्यांतील मुद्दलात गेले सव्वादोन लाख. दहा वर्षे संपतील, म्हणजे मुदतीचा अर्धा रस्ता संपेल, तेव्हा देणे अर्धे झालेले नसेल. १४ लाख २० हजार शिल्लक असतील. मुद्दल निम्म्यावर यावयास चौदावे वर्ष उजाडते. मी तो तक्ता वरून खाली आणि खालून वर कितीदा वाचला असेन. एखाद्या घरात आपण कित्येकदा जेवून यावे, आणि एके दिवशी कळावे की त्या घराच्या मागील दारी आपणच एक खड्डा खणून ठेवला आहे, तसे काहीसे वाटले.

दुसऱ्या दिवशी मी त्यास फोन केला. क्षमा मागणे हे माझे व्यवसायाने परिचित काम. बहुधा ते दुसऱ्यांना सांगावे लागते, एवढेच. भाऊ थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “दादा, तुला विचारले म्हणजे मी स्वतः विचार करायचे टाळले. आता काय करता येईल ते सांग.” या वेळी मी काही सांगितले नाही. मी त्यास तेच पान उघडावयास लावले. शिल्लक सुमारे १७ लाख ७४ हजार होती. हप्ता १७,९९५ ऐवजी २०,००० केला, तर उरलेले १८० महिने १४७ वर येतात आणि व्याजाचे तीन लाखांहून अधिक रुपये वाचतात, हे त्याने स्वतःच शोधून काढले व मलाच मोठ्या उत्साहाने समजावून सांगितले. बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जाची मुदतपूर्व फेड केल्यास बँकांनी दंड घेऊ नये, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश २०१२ पासून आहे. त्यामुळे तीही अडचण नव्हती. दोन हजारांसाठी त्याच्या घरी कोणता खर्च आखडला, हे मी विचारले नाही. वहिनींनी फोनवर माझ्याशी नेहमीपेक्षा थोडे कमी बोलल्या, एवढे जाणवले.

हे साधन मला इतके का आवडले, याचा मी पुष्कळ विचार केला. ते हुशार आहे म्हणून नव्हे. हुशार साधनांची आज टंचाई नाही. ते थकत नाही व हसत नाही, हे मुख्य कारण. बँकेच्या खिडकीपाशी एखाद्या कष्टकऱ्याने एकदा विचारले, की मुदत दोन वर्षे केली तर हप्ता किती, तर उत्तर मिळते. दुसऱ्यांदा विचारले, अडीच वर्षे केली तर, तेव्हा मागच्या रांगेतील माणसे पाय बदलू लागतात. तिसऱ्यांदा विचारण्याची हिंमत त्यास होत नाही. तो मान डोलावतो आणि सही करतो. मी अशा सह्या पाहिल्या आहेत. या तीन चौकटींना मात्र शंभर वेळा विचारा. शंभराव्या खेपेसही त्या पहिल्या खेपेसारख्याच शांत. अज्ञान उघडे न पाडता शिकविणारा गुरू फार दुर्मीळ असतो. शिक्षकी व धर्मगुरुपण या दोन्ही पेशांत वावरल्यामुळे हे मी जबाबदारीने लिहितो.

परंतु सावधगिरीचे दोन शब्द लिहिलेच पाहिजेत. हिशेब दाखविण्यापूर्वी जे पान तुमचा मोबाइल क्रमांक मागते, ते हिशेबाचे पान नव्हे. ते दुकानाचे दार आहे, आणि क्रमांक दिल्यावर त्या दारातून महिनाभर तुम्हांस हाका ऐकू येतील. तसले पान मिटावे व दुसरे उघडावे. साधी पुष्कळ आहेत. दुसरे असे की, चौकटीत जे घालाल त्याचाच हिशेब मिळतो. आमच्या गृहस्थांच्या कागदावर दोन टक्के प्रोसेसिंग फी होती: सहा हजार, आणि तीवर अठरा टक्के जीएसटी म्हणून १,०८० रुपये. हे पैसे आधीच कापून घेणार. म्हणजे हातात पडणार २,९२,९२०, आणि हप्ते मात्र तीन लाखांचे. मुलीने मग पहिल्या चौकटीत तीन लाखांऐवजी प्रत्यक्ष हाती पडणारी रक्कम घातली व पुन्हा ११,३३३ च्या शोधात दर चढवीत नेला. या खेपेस तो तेवीसच्या उंबरठ्यावर जाऊन थांबला. विम्याचा हप्ता कर्जात मिसळलेला असेल तर तोही असाच काढून पाहावा.

याहून महत्त्वाची एक गोष्ट पुष्कळांस ठाऊक नाही. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार बँकांनी व वित्तसंस्थांनी किरकोळ आणि लघुउद्योगांच्या कर्जांसाठी कर्जदारास ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ नावाचा एक तक्ता दिला पाहिजे. त्यात सर्व खर्च धरून येणारा वार्षिक दर, ज्यास एपीआर म्हणतात, स्पष्ट लिहिलेला असतो. आणि तो तक्ता कर्जदारास समजेल अशा भाषेत असावा, त्यास समजावून सांगावा, असे त्या नियमात आहे. ठळक अक्षरांतील आकडा कोणताही असो, दोन कर्जांची तुलना या एका आकड्याने करावी. आमच्या गृहस्थांनी दुसऱ्या दिवशी वित्तसंस्थेच्या त्या माणसाकडे हा तक्ता मागितला. तो माणूस, असे ते सांगतात, चांगल्या स्वभावाचा होता; त्याने त्रागा केला नाही. तो म्हणाला, “काका, हा कागद सहीच्या वेळी येतोच की. आधी कोणी मागत नाही.” मग त्याने तो आणून दिला. त्यावरील आकडा बाराच्या जवळपासही नव्हता.

वित्तसंस्थेची बाजूही मांडली पाहिजे. ती दोन दिवसांत पैसे देत होती, तारण मागत नव्हती, आणि बँक ज्यास दारात उभे करीत नाही अशा पुष्कळांस ती कर्ज देते. जोखीम अधिक, म्हणून दर अधिक. यात अन्याय आहे असे मी म्हणणार नाही. तेवीस टक्के घ्या, पण तेवीस म्हणून घ्या. ज्याला तातडीची गरज आहे तो तेवीसही देईल, आणि डोळे उघडे ठेवून देईल. बाराच्या वेषात आलेले तेवीस मला मान्य नाहीत.

बँकेचे कर्ज सहजासहजी मिळाले नाही, हेही प्रामाणिकपणे नोंदवितो. कागदांत घराचा उतारा आईच्या नावावर निघाला, मग वारसांच्या सह्या, मग एक शिक्का राहिला म्हणून परत फेरी. सहा आठवडे गेले, आणि तेवढ्यात ते लेथ यंत्र दुसऱ्या कोणी नेले. गृहस्थ माझ्याकडे आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर माझ्याविषयी जे काही होते ते मी ओळखले. ओसरीवरचा तो हिशेब झाला नसता तर यंत्र शेडमध्ये आले असते. मजजवळ त्यावर उत्तर नव्हते. दिवाळीनंतर त्यांस दुसरे यंत्र मिळाले, थोडे जुने, चाळीस हजारांनी स्वस्त. ते आता शेडमध्ये चालते. पहिल्या महिन्यात काम अगदी थोडे होते, आता बरे आहे.

आणि आता रविवारी मिस्सा आटोपल्यावर अंगणातील आंब्याखाली त्या मुलीभोवती चार-पाच माणसे हमखास उभी असतात. कोणाचे दुचाकीचे कर्ज, कोणाचे लग्नाचे, कोणाचा फ्रिज हप्त्याने घेतलेला. तिचा एक नियम आहे, तो मला फार आवडला: ती स्वतः एकही आकडा दाबीत नाही. मोबाइल समोरच्याच्या हाती देते. ज्यांस आकडे टाइप करावयाची सवय नाही, त्यांची बोटे अडखळतात, एक शून्य जास्त पडते, तीन लाखांचे तीस लाख होतात, हशा होतो, आणि पुन्हा पहिल्यापासून. गेल्या रविवारी एक वृद्ध बाई पुढे आल्या. अक्षर-आकड्याची त्यांस ओळख नाही, पण गल्लीतील भिशी गेली कित्येक वर्षे त्या तोंडी चालवितात आणि आजवर एका रुपयाचा घोळ झालेला नाही. त्यांनी ती तीन चौकटींची पाटी दूर धरून न्याहाळली व विचारले, “माझी भिशी यात बसते काय गं?”

मुलीने थोडा विचार केला. “नाही आजी. भिशीचा हिशेब निराळा. कुणाचा नंबर कधी लागतो त्यावर असतो.”

“मग तुझ्या यंत्रापेक्षा मीच बरी,” असे म्हणून आजींनी मोबाइल परत दिला, आणि तेथेच आंब्याखाली उभ्या उभ्या, कोणाचा नंबर कोणत्या महिन्यात लागला की त्यास किती तोटा पडतो, हे त्या मुलीस बोटांच्या पेरांवर समजावून देऊ लागल्या. मी ऐकत उभा राहिलो. पुढच्या मिस्सेची घंटा झाली तरी त्यांचा तिसरा महिना संपला नव्हता.